निळं फळ, लाल फळ

नव्या पेठेतलं आमचं घर, टेबलावरची चौदा डाळिंबं आणि पोकेमॉनच्या गेममधली एक फुटकळ बेरी. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? आहे, सॉलिड संबंध आहे!

गेल्या दिवाळीत हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री सोलापूरला उतरले, रिक्षा करून नव्या पेठेत घरी आले, तर डायनिंग टेबलवर डाळिंबंच डाळिंबं. मोजली. चौदा होती. फ्रिज उघडला तर आणखी एक सोललेलं, अर्धं, वाटीत. मी आईला म्हटलं, "अगं, दुकान काढतेयस की काय फळांचं?"

आई म्हणाली, "लोक येतात बघायला. नको म्हणायचं का त्यांना?"

बरोबर आहे. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. आणि सोलापुरात फळ न्यायचं म्हटलं की पहिला हात डाळिंबावर पडतो. आपल्या जिल्ह्याचं, आपल्या मातीतलं, 'सोलापूर डाळिंब' म्हणून भौगोलिक मानांकन मिळवलेलं फळ. रक्त वाढतं, अंगात ताकद येते, तोंडाला चव येते, असं प्रत्येक पाहुणा पिशवी टेबलावर ठेवताना सांगतो.

प्रॉब्लेम एवढाच, की पप्पांना डाळिंब चालत नाही.

पप्पांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, ते डायलिसिसवर असतात. आपली किडनी धड असते तेव्हा खाण्यातून आलेलं जास्तीचं पोटॅशियम ती मुकाट्याने बाहेर टाकते. आपल्याला पत्ताही लागत नाही. किडनी बसली की ते रक्तात साठायला लागतं आणि फार साठलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. डाळिंबाच्या १०० ग्रॅम दाण्यांत पोटॅशियम असतं साधारण २३६ मिलिग्रॅम. तुमच्या-माझ्यासाठी मस्त. पप्पांसाठी आहारतज्ज्ञ मॅडमनी यादीत लाल पेनने खाट मारलेली.

म्हणजे बघा, ज्या ज्या माणसाला पप्पांची काळजी वाटते, तो तो माणूस त्यांना जे चालत नाही तेच प्रेमाने घेऊन येतो!

त्या रात्री टेबलाशी बसून मी त्या चौदा डाळिंबांकडे बघत होते आणि मला अचानक पोमेग बेरी आठवली. तुम्ही म्हणाल, ही कोण पोमेग? सांगते. पण त्यासाठी थोडं मागे जायला लागेल.

मशीन नंबर तीन

साल २००९. मी बारा वर्षांची. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन लागायचं आणि आमची अख्खी गल्ली त्याच्या पायी वेडी झाली होती. चिप्सच्या पाकिटातल्या टॅझोंवरून मारामाऱ्या व्हायच्या. पण पोकेमॉन ही आधी व्हिडिओ गेम होती आणि कार्टून नंतर आलं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं आतेभावामुळे. दादा इंजिनीअरिंगला होता, म्हणजे आमच्या दृष्टीने बिल गेट्सच! आमच्या दुकानापासून चार पावलांवर एक सायबर कॅफे होता. तिथल्या तीन नंबरच्या मशीनवर दादाने इम्युलेटर टाकून पोकेमॉन एमराल्ड चालवून दाखवली. निन्टेंडोचा खरा हातातला गेमबॉय आम्ही कुणी डोळ्यानेही पाहिला नव्हता.

पप्पांचं नव्या पेठेत रेडीमेड कपड्यांचं छोटं दुकान आहे. शाळा सुटली की मी दुकानात यायचे, आई डबा पाठवायची तो खायचे आणि पप्पांकडे पैसे मागायचे. तासाला पंधरा रुपये. पप्पा गल्ल्यातून वीसची नोट काढायचे आणि म्हणायचे, "काय करालीस गं तिथं एवढं?"

मी म्हणायचे, "प्रोजेक्ट."

ते प्रोजेक्ट म्हणजे पोकेमॉन पकडणं, त्यांना लढायला शिकवणं आणि मातीत बेऱ्या लावणं!

बेरीचा फंडा

ज्यांनी ही गेम कधी खेळली नाही त्यांच्यासाठी एका परिच्छेदात सांगते. तुम्ही गावोगाव फिरता, जंगली पोकेमॉन पकडता, त्यांची टीम बनवता. लढाई बुद्धिबळासारखी आळीपाळीने होते. एक चाल तुमची, एक समोरच्याची. प्रत्येक पोकेमॉनला एचपी असतात. (प्रिंटरची कंपनी नव्हे हो, हिट पॉइंट्स!) मार बसला की एचपी कमी होतात. शून्य झाले की पोकेमॉन बेशुद्ध.

मग बरं कसं करायचं? तीन मार्ग. पहिला, पोकेमॉन सेंटर. गावोगावी असतं, लाल छपराचं. आत जायचं, नर्सच्या हातात टीम द्यायची, पाच सेकंदांत सगळे ठणठणीत आणि तेही फुकट. केसपेपर नाही, रांग नाही, मेडिक्लेमचा फॉर्म नाही. यापेक्षा मोठी फँटसी मी आजवर पाहिलेली नाही!

दुसरा मार्ग, औषध. साधी पोशन २० एचपी भरून देते. पण लढाई चालू असताना ती वापरायची तर तुमची एक चाल खर्ची पडते. तुम्ही बाटली उघडेपर्यंत समोरचा आणखी एक फटका मारून मोकळा.

तिसरा मार्ग म्हणजे बेरी. गेमच्या पहिल्या पिढीत बेऱ्या नव्हत्याच. १९९९मध्ये जपानमध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आल्या तेव्हा झाडावरची फळं आली आणि त्यातल्या सगळ्यात साध्या फळाचं नाव नुसतं 'बेरी' होतं. २००२मध्ये रूबी आणि सफायर आल्या आणि त्या फळाला नाव मिळालं, ओरन बेरी. ती भरून देते फक्त १० एचपी. पोशनच्या निम्मे.

मग घेते कोण ही? थांबा. बेरीची खरी गंमत पुढेच आहे. बेरी पोकेमॉनच्या हातात देऊन ठेवता येते. लढाईच्या आधी. मग लढताना त्याचे एचपी निम्म्यावर किंवा त्याखाली आले, की तो ती स्वतःच खातो. तुमची चाल जात नाही. तुम्हाला बटण दाबायला लागत नाही. तुम्हाला काही सुचायच्या आत फळ खाऊन झालेलं असतं. पोशन मात्र त्याच्या हातात दिलीत तरी तो ती स्वतः पिऊ शकत नाही. ती तुम्हीच पाजायला लागते, म्हणजे तिथे तुम्ही असायला लागता.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

ओळखा पाहू

या बेऱ्यांच्या नावांतही धमाल आहे. बहुतेक नावं खऱ्या फळांची मोडतोड करून केलेली. ओरन म्हणजे ऑरेंज, संत्रं. पण दिसायला निळं! चेरी बेरीने लकवा जातो, पेचा म्हणजे पीच आणि तिने विष उतरतं. चेस्टो म्हणजे चेस्टनट, तिने झोप उडते (सोमवार सकाळच्या मीटिंगसाठी हवीच). रॉस्ट हा स्ट्रॉबेरीचा तुकडा, ती भाजल्यावर चालते. पर्सिम म्हणजे पर्सिमॉन, तिने गोंधळलेलं डोकं ताळ्यावर येतं. लम म्हणजे प्लम, ती यातलं काहीही झालं तरी चालते. आपल्या आजीच्या बटव्यातल्या सर्वगुणसंपन्न चूर्णासारखी.

सिट्रस बेरी हे ओरनचं थोरलं भावंड. ती आधी ३० एचपी द्यायची. २००६च्या डायमंड-पर्लपासून हिशेब बदलला. आता ती पोकेमॉनच्या एकूण एचपीच्या चौथा हिस्सा देते. हा बदल फार शहाणपणाचा आहे, असं मला आता वाटतं. सुरुवातीला तुमच्या पिल्लू पोकेमॉनकडे वीसेक एचपी असतात. तेव्हा ओरनचे १० म्हणजे अर्धं आयुष्य! पण तोच पोकेमॉन मोठा होतो, दीडशे-दोनशे एचपीचा होतो, तेव्हा १० म्हणजे काहीच नाही. मग आपण ओरन बेऱ्या पिशवीच्या तळाशी टाकतो आणि विसरून जातो. सिट्रस मात्र तुम्ही जेवढे वाढाल तेवढी वाढते.

आंबासुद्धा आहे बरं का! मागो बेरी. ती एचपी भरून देते, पण गोड न आवडणाऱ्या पोकेमॉनला तिने डोकं गरगरायला लागतं. फळ तेच. एकाला औषध, दुसऱ्याला ताप. हे गेमवाल्यांना २००२मध्ये सुचलं होतं. पिशव्या घेऊन येणाऱ्या आमच्या पाहुण्यांना हे कोण सांगणार?

आणि आता पोमेग

पोमेग्रॅनेट म्हणजे डाळिंब. पोमेग बेरी म्हणजे गेममधलं डाळिंब, रंगानेही लाल. जपानीत डाळिंबाला झाकुरो म्हणतात आणि या बेरीचं जपानी नाव आहे झारोकू. म्हणजे तिथेही अक्षरं इकडची तिकडे केलेली.

बारा वर्षांच्या सोलापूरच्या मुलीला कॉम्प्युटरवर डाळिंब सापडलं तर काय होईल? मला वाटलं, हे सगळ्यात भारी फळ असणार. शंभर एचपी तरी देईल! मी ते माझ्या लाडक्या पोकेमॉनला खाऊ घातलं. आणि स्क्रीनवर आलं ते उलटंच. एमराल्डपासून पोमेग बेरीचा परिणाम असा आहे: पोकेमॉनची तुमच्याशी मैत्री वाढते, पण लढून लढून कमावलेले त्याचे एचपीचे पॉइंट कमी होतात. अशा सहा बेऱ्या आहेत, प्रत्येक बेरी कुठली तरी एक ताकद कमी करते आणि माया वाढवते. त्यातली एचपी कमी करणारी नेमकी आपली डाळिंबाची! एमराल्डमध्ये तर एक प्रसिद्ध चूकही राहून गेली होती. अगदी एक एचपी उरलेल्या पोकेमॉनला पोमेग दिली तर तो तिथल्या तिथे बेशुद्ध पडू शकायचा.

मला तेव्हा जाम राग आला होता. दुकानात येऊन मी पप्पांना म्हटलं, "त्या गेममध्ये डाळिंब खाल्लं की ताकद कमी होते. चुकीचं बनवलंय."

पप्पा गिऱ्हाईकाला शर्ट दाखवत होते. म्हणाले, "जपानी लोकांना काय माहीत डाळिंब!"

सोळा वर्षांनी, चौदा डाळिंबांसमोर बसून, मला कळलं की पोमेग बेरी बनवणारा माणूस काही अगदीच चुकीचा नव्हता. माया वाढते. एचपी कमी होतात. आमच्या टेबलावर तेच तर चाललं होतं.

घड्याळ बंद पडलेलं झाड

बेरीचं आणखी एक. ती विकत घेण्यापेक्षा पिकवायची असते. रूबी, सफायर आणि एमराल्डमध्ये रस्त्याच्या कडेला मऊ मातीचे चौकोन असतात. तिथे बेरी पुरायची, व्हेल माशासारख्या दिसणाऱ्या झारीने पाणी घालायचं आणि वाट बघायची. वाट म्हणजे खरी वाट! गेममध्ये खरं घड्याळ चालतं. ओरनला १२ तास लागतात, सिट्रसला २४, लमला ४८. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर पाणी घातलं की फळं जास्त लागतात. तोडायला उशीर झाला तर फळ गळून पडतं आणि तिथेच पुन्हा कोंब येतो.

मी रोज शाळा सुटल्यावर जायचे. रोज माझी बेरी मातीतच. दुसऱ्या दिवशीही मातीत. आठवडाभर मातीत! गेम सुरू करताना रोज एक सूचना यायची, आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल पण वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी होणार नाहीत. इंग्रजी होती, मी न वाचताच बटण दाबायचे. शेवटी दादा आला, इम्युलेटरच्या मेनूत गेला आणि 'रिअल टाइम क्लॉक'वर टिक केली. बंद होतं ते. दुसऱ्या दिवशी नवीन बेरी लावली आणि तिसऱ्या दिवशी झाड डोलत होतं.

मजा म्हणजे हा घोटाळा फक्त आमच्या सायबर कॅफेत नव्हता. खऱ्या रूबी आणि सफायरच्या कार्ट्रिजमध्येही एक चूक होती. साधारण वर्षभर झालं की घड्याळाचा हिशेब चुकायचा आणि जगभरातल्या पोरांच्या बेऱ्या वाढायच्या थांबायच्या. कंपनीला त्यासाठी खास दुरुस्ती काढायला लागली.

बारावीनंतर मी पुण्याला गेले. मास कॉम केलं, मग नोकरी, मग फ्रीलान्सिंग. घरी यायचं म्हणजे दिवाळीला आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला. दर वेळी घर तसंच दिसायचं. तोच सोफा, तीच शेंगाचटणीची बरणी, दुकानात बसलेले तेच पप्पा. मला वाटायचं, इथलं घड्याळ थांबलेलंच आहे, मी येईन तेव्हा सगळं जिथल्या तिथे असेल. पप्पांचं क्रिएटिनीन त्याच काळात हळूहळू चढत होतं. बीपीच्या गोळ्या ते मधूनमधून विसरत होते. फोनवर विचारलं की म्हणायचे, "मस्त आहे."

ताण

गेममध्ये पाणी घाला, फळ वाढवा. खऱ्या डाळिंबाचा कारभार वेगळाच आहे, हे मला मामाने सांगितलं. सांगोल्याजवळ त्याची बाग आहे, भगव्याची. भगवा म्हणजे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण, आज बाजारात तुम्ही बहुतेक वेळा तेच घेता. मामा म्हणतो, डाळिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडायचं. जमिनीप्रमाणे महिना-दीड महिना. झाड सुकतं, पानं गाळतं, बघवत नाही. याला 'ताण देणं' म्हणतात. मग हलकी छाटणी, खत आणि पाणी. आणि मग ते झाड फुलांनी लालेलाल होतं. जून-जुलैचा तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त, जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. फूल लागल्यापासून फळ तोडेपर्यंत पाच-सहा महिने. ओरनचे १२ तास ऐकून मामा हसला होता. त्यातून तेल्या आला की संपलंच. फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, अख्खा बहार हातचा जातो.

२००५मध्ये सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'सोलापूर लाल' नावाचं संकरित वाण काढलं, लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेलं. म्हणजे फळात जास्त एचपी भरायचं काम आपल्याकडे खरोखरच चालू आहे!

मी मामाला विचारलं, "ताण जास्त झाला तर?"

म्हणाला, "तर झाड मरतं. किती द्यायचा ते रोज बागेत जाऊन बघायला लागतं. फोनवर नाय कळत."

तो बागेबद्दलच बोलत होता. मला मात्र टोचलं.

अकरा मिस्ड कॉल

दिवाळीनंतर पुण्याला परत जायच्या आदल्या रात्री मी एक कागद घेतला. मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: पप्पांचं नाव, रक्तगट, डायलिसिसचे वार, सेंटरचा नंबर, गोळ्यांची नावं. डाव्या हातात फिस्टुला आहे, त्या हातावर बीपी मोजू नका, सुई टोचू नका. आणि खाली लाल पेनने: नारळपाणी, फळांचा रस, डाळिंब देऊ नका. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तो कागद पप्पांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. दुसरी प्रत आईच्या पर्समध्ये आणि तिसरी दुकानाच्या गल्ल्यात.

पप्पा वैतागले. "शाळेच्या पोरासारखं खिशात काय ठेवालीस? मला बोलता येत नाही का?"

मी म्हटलं, "पप्पा, ही ओरन बेरी आहे."

"काय बेरी?"

"काही नाही. खिशात राहू दे."

डिसेंबरमधला एक मंगळवार. मी पुण्यात एका क्लायंटच्या ऑफिसात प्रेझेंटेशन देत होते, फोन सायलेंटवर. बाहेर आले तर अकरा मिस्ड कॉल. तुमच्यापैकी जे जे आई-वडिलांपासून दूर राहतात त्यांना तो आकडा बघून पोटात काय होतं ते सांगायला नको.

झालं होतं असं. डायलिसिस करून पप्पा घरी न जाता हट्टाने दुकानात आले. काउंटरमागे उभे राहिले आणि चक्कर येऊन खाली बसले. घामाने डबडबलेले, बोलता येत नव्हतं. शेजारच्या दुकानातले अण्णा धावत आले. त्यांचा पोऱ्या कोपऱ्यावरून नारळपाणी घेऊन आला. आपल्याकडे चक्कर आली की पहिलं काय देतात? नारळपाणीच. आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीच्या पेशंटसाठी त्यापेक्षा वाईट निवड शोधून सापडायची नाही. आणायला गेलेला पोरगा मात्र जीव तोडून पळत आला होता. आठवा, माया वाढते...

अण्णांनी पप्पांचा शर्ट सैल करताना खिशातला कागद बघितला. लाल अक्षरं वाचली. नारळ बाजूला ठेवायला लावला. कागदावरच्या नंबरवर फोन केला. सेंटरवाल्यांनी सांगितलं तसं पप्पांना आडवं करून पाय वर ठेवले आणि रिक्षात घालून नेलं. तिथल्या नर्सने डाव्या हाताकडे वळायच्या आत अण्णा म्हणाले, "त्या हातावर नको." डायलिसिसनंतर बीपी एकदम खाली गेलं होतं. संध्याकाळी पप्पा घरी होते.

मी काय केलं? काहीच नाही. मी दोनशे साठ किलोमीटरवर स्लाइड नंबर नऊ समजावून सांगत होते. माझी चालच आली नव्हती. जे काही कामाला आलं ते महिनाभर आधी देऊन ठेवलेलं होतं आणि ते वापरलं दुसऱ्याच कुणीतरी. दहा एचपीचंच काम ते, जास्त नाही. किडनी त्याने बरी झाली नाही, होणारही नाही. पण त्या मंगळवारी पप्पांकडे फार एचपी उरले नव्हते आणि तेवढ्या हिशेबात दहा पुष्कळ होते.

तुमची बेरी कुठाय?

लेक्चर देत नाही, पण शनिवार-रविवारी घरी जाणार असाल तर एवढं कराच. आई-बाबांना एखादा जुना आजार असेल तर एक चिठ्ठी. घरच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. मोबाइलमध्ये नको, फोनला लॉक असतो आणि चार्जिंग संपतं. त्यात आजाराचं नाव, रोजच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, जवळ राहणाऱ्या एका माणसाचा नंबर. आणि 'काय द्या'पेक्षा ठळक 'काय देऊ नका'. हे शेवटचं स्वतःच्या मनाने नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारून लिहा, कारण प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं. शेजाऱ्यांना ती चिठ्ठी दाखवून ठेवा. आणि दर सहा महिन्यांनी बदला, कारण गोळ्या बदलतात. झाडाला पाणी घालायचं विसरू नका, इतकंच!

डबा

गड्ड्याच्या यात्रेला मी पुन्हा घरी गेले. टेबलावर या वेळी नऊ डाळिंबं होती. पाहुण्यांना काही सांगायचं नाही असं आईने ठरवून टाकलंय. ते प्रेमाने आणतात, आम्ही प्रेमाने ठेवून घेतो आणि मग ती डाळिंबं गल्लीतल्या पोरांना जातात, अण्णांच्या दुकानात जातात, माझ्याबरोबर पुण्याला येतात.

निघायच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होते. पप्पा टीव्हीसमोर बसले होते, मांडीवर पेपर पसरून. एक एक डाळिंब घेऊन चिरा देत होते आणि दाणे स्टीलच्या डब्यात काढत होते. डावा हात जपून, सावकाश. पांढरी साल एकाही दाण्याला राहू द्यायची नाही, हा त्यांचा जुना हट्ट. अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासात एकही दाणा त्यांनी तोंडात टाकला नाही.

डबा गच्च भरला, झाकण लावलं, वरून रबर लावलं आणि माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला.

"गाडीत खा," म्हणाले. "पुण्यात पोचेपर्यंत ठेवू नको."